मुक्या नदीचा नावाडी

‘करंद करावे.’

प्रुफाच्या समासात निळ्या शाईनं एवढंच लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं आणि हातातला चहा तसाच खिडकीत ठेवून शेडबाळ्यांच्या टेबलापाशी गेले.

“सापडला,” मी म्हटलं.

आमचे प्रकाशक अनंतराव शेडबाळे जेवण करून खुर्चीतच पेंगत होते. ते दचकून उठले. “कोण सापडला?”

“मास्तरांच्या नावावर जो कोणी लिहितोय तो. हेरवाडकर मास्तर हे पुस्तक लिहीतच नाहीयेत. हा बघा पुरावा.”

ही चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. कोल्हापुरात शेडबाळ्यांच्या छापखान्यात मी तेव्हा मुद्रितशोधक होते. स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीनं मेथीची जुडी हातात दिली तर मी ती सोडून आत बघणार. घरी त्यावरून टोमणे खायची, पण छापखान्यात त्याच गुणावर माझं बरं चाललं होतं. बारा वर्षांत माझ्या हातून एकही चूक छापून गेली नव्हती, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे.

विश्राम हेरवाडकर आजऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मुलांना आंब्याचं पान काढून काढून कंटाळा आला म्हणून त्यांनी एकदा फळ्यावर नसलेल्याच एका देशाचा नकाशा काढला. त्याला नाव दिलं अंजनमाळ. मुलं विचारायला लागली, इथे कोण राहतं, तिकडे काय आहे? त्यांना उत्तरं देता देता पहिली कादंबरी झाली, ‘अंजनमाळचा पहारेकरी’. पुढे ‘राखेचे घोडे’, मग ‘मुक्या नदीपलीकडे’. अशी अकरा पुस्तकं झाली. समीक्षकांनी ‘पोरांची पुस्तकं’ म्हणून त्यांना कधी दारात उभं केलं नाही, पण वाचनालयांत या पुस्तकांसाठी नंबर लावावे लागत. गावोगावचे वाचनालयवाले आमच्याकडे येऊन जास्तीची प्रत मागत, कारण पहिलीची पानं हाताळून सुटी झालेली असत. मी स्वतः बारा वर्षांची असताना भूगोलाच्या तासाला बाकाखाली धरून पहिलं पुस्तक वाचलं होतं. खरं सांगायचं तर त्या पुस्तकांसाठीच मी ही नोकरी धरली.

आमच्याकडे एक पद्धत होती. प्रुफं तपासताना काही खटकलं की मी समासात पेन्सिलीनं शंका लिहायची आणि खाली ‘कु. ने.’ अशी सही करायची, म्हणजे कुमुदिनी नेर्लेकर. मग ती प्रुफं टपालानं आजऱ्याला जात आणि मास्तर लाल शाईनं उत्तर देत. एकदा मी लिहिलं, ‘चौथ्या प्रकरणात राणीचा घोडा मेला आहे. नवव्यात तो चारा खातो. कसे?’ त्यावर उत्तर आलं, ‘भुकेने मेला होता, चारा पाहून उठला. (चूक माझी. नवव्यातला घोडा खोडावा.)’ आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्या समासांतून आमची चांगली ओळख झाली होती, निदान मी तरी तसं धरून चालले होते.

अकराव्या पुस्तकापासून लाल शाई बंद झाली. हस्तलिखित गोल, शाळकरी अक्षरात येऊ लागलं. शंकांना उत्तरं येत, ‘आपणांस योग्य वाटेल तसे करावे.’ मास्तर आणि योग्य वाटेल तसे? एका स्वल्पविरामासाठी जो माणूस दोन पानांचं पत्र लिहायचा, तो? बारावं, शेवटचं पुस्तक छापायला घेतलं तेव्हा पाचव्या प्रकरणात एकच परिच्छेद दोनदा आलेला निघाला. शेडबाळ्यांनी सत्काराला बोलावलं, तर तब्येतीचं कारण सांगून मास्तर आले नाहीत. भाषा त्यांचीच वाटत होती. पण नक्कल करणारा भाषाच तर आधी उचलतो.

म्हणून मी खडा टाकून बघायचं ठरवलं.

तिसऱ्या पुस्तकात मुकी नदी आहे. तिच्या पाण्याला आवाज नाही. ती नदी पार करून देणारा एक नावाडी आहे आणि प्रत्येक उतारू त्याला नाव विचारतो. तो म्हणतो, “उतरल्यावर सांगतो.” उतारू उतरून मागे वळतो तोवर नाव निघून गेलेली असते. अख्ख्या पुस्तकात त्याचं नाव येत नाही. आमच्या पिढीची मुलं खेळतानासुद्धा “उतरल्यावर सांगतो” म्हणत. बाराव्या पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात तोच नावाडी परत आला, तेव्हा मी समासात लिहिलं, ‘तिसऱ्या पुस्तकात या नावाड्याचे नाव करंद आहे. इथे नाव नाही. करंद करावे का?’

करंद हे नाव मी त्याच क्षणी मनानं रचलं होतं. खरे मास्तर असते तर लाल शाईनं माझी सालटी काढली असती. आणि उत्तर आलं, ‘करंद करावे.’

शेडबाळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरता कातरता म्हणाले, “बाई, ह्यात पाणी मुरतंय, हे मला बी कळत होतं. आता असं करा, आजऱ्याला जाऊन या. शेवटचं प्रकरण आणायला आलोय म्हणायचं आणि नीट बघून यायचं. मास्तर लिहीत नसतील तर मला साफ सांगा. दुसऱ्याचंच लिखाण छापायचं तर मग माझा माणूस काय वाईट हाय? महिन्याला एक रहस्यकथा पाडतोय गडी. शेवटचं प्रकरण तो लिहील, आणि शेवटचं तरी कशाला, अजून दहा अंजनमाळ लिहील. नाव मास्तरांचंच ठेवू.”

आपली शंका खरी ठरली तर अंजनमाळ त्या रहस्यकथावाल्याच्या हाती जाणार, हे मी धरलंच नव्हतं. पण आता मागे कसं फिरणार? शिवाय, लपवून कशाला ठेवायचं, आपलं बरोबरच निघावं असंही मनातून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं उत्तूरमार्गे निघाले आणि अकराच्या सुमाराला आजऱ्यात उतरले. मळणी झालेल्या घनसाळ भाताचा वास सगळ्या गावात भरून राहिला होता. मास्तरांचं घर गावाच्या टोकाला, काजूच्या झाडांना लागून, लहानसं कौलारू. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. साठीच्या, ठेंगण्या, चेहरा एकदम सावध.

“कोल्हापूरहून आलेय काकू. शेडबाळ्यांच्या छापखान्यातून.”

“कळवायचं न्हाई व्हय आधी?” त्या दारातच उभ्या राहिल्या. “हे आंघोळीला बसल्यात.”

“बसते की मी.”

“आंघोळ झाली की देवपूजा असतीया. मग जरा पडत्यात. तुमची परतीची गाडी चुकंल.”

माझी शंका आणखी पक्की झाली. देवपूजा! ज्यांनी अंजनमाळच्या सगळ्या देवांना एका खानावळीत भांडी घासायला लावलं होतं, ते मास्तर कसली देवपूजा करतायत? मी जागची हलले नाही. त्यांच्या हाताकडे बघितलं तर अंगठ्याला आणि बोटाला निळी शाई. माझी नजर गेलेली पाहून त्यांनी हात पदराआड घेतला.

“काकू, प्रुफांवरची उत्तरं तुम्ही लिहिता, होय ना?”

त्या काही बोलणार एवढ्यात आतून आवाज आला, “कोण आलंय गं?”

आणि मास्तर स्वतःच बाहेर आले. उंच, काटकुळे, स्वेटर उलटा घातलेला. मी नाव सांगितलं, तर त्यांचे डोळे एकदम चमकले.

“कु. ने.? तुम्ही? अहो, मला वाटायचं कुणीतरी टकला, सर्दीनं बेजार झालेला म्हातारा असणार. इतक्या बारीक चुका बाई माणूस कशाला काढत बसेल! आत या. हिला म्हटलं होतं, हा माणूस एकदा बघायला पाहिजे.”

आतल्या खोलीत खिडकीशी टेबल होतं. त्यावर त्यांचीच अकरा पुस्तकं मांडलेली, आणि प्रत्येकात कागदाच्या पट्ट्या खोचलेल्या, एकेका पुस्तकात साठ-सत्तर तरी. भिंतीवर नकाशा. त्यावर डोंगर, नद्या, शहरं आणि प्रत्येकाखाली गोल अक्षरात चिठ्ठी डकवलेली: ‘इथे राणी राहते. पाचव्या पुस्तकात मेली.’ ‘हा रस्ता आता बंद.’

मी ते वाचत असताना मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, “बसा ना. आपण कुठून आलात म्हणालात?”

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसले. काकू हसल्या नाहीत.

“कोल्हापूरहून,” काकूच शांतपणे बोलल्या. “छापखान्यातल्या कु. ने. ह्याच न्हवं का. आत्ताच सांगितलं तुमास्नी.”

“हां, हां. कु. ने.” ते ओशाळले. मग सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, “तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही माझ्या इतक्या चुका बघितल्या आहेत. दीड-दोन वर्षं झाली, मला राहत नाही लक्षात. सकाळी उठलो की आधी ही पुस्तकं वाचतो. आपण काय लिहिलंय ते बघतो आणि मग पुढचं लिहायला बसतो. कधी कालचंच पान परत लिहितो. ही ते गाळते, नीट उतरवून काढते. अक्षर तिचं. बाकी माझं आहे हो, देवाशपथ माझं आहे.”

त्यांनी देवाशपथ म्हटलं आणि मला शरमेनं मान वर करवेना. त्यांच्या बोलण्यात आरोपाचा सूर नव्हता. मी कशाला आले आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती.

“शेडबाळ्यांना सांगू नका,” काकू म्हणाल्या. “त्यांचा स्वभाव मला म्हायती हाय. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतील. हे एवढं शेवटचं पुस्तक ह्यांच्या हातनं पुरं होऊ दे. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

मी मान हलवली.

मास्तर मात्र खुशीत आले होते. त्यांनी टेबलाच्या खणातून कागदांची चळत काढली. “तुमचे उपकार आहेत माझ्यावर,” ते म्हणाले. “शेवटचं प्रकरण मी लिहून ठेवलं होतं, चाळीस पानं. नावाडी शेवटपर्यंत नाव सांगत नाही, असं. मग तुमची ती शंका आली. करंद.”

“मास्तर, ती शंका...”

“ऐका तर. मला सारखं वाटायचं, याला आपण नाव दिलेलंच नाही. बाकी सगळं निसटलं तरी हे एक मला पक्कं आठवत होतं, की तो बिननावाचा. मग तुम्ही लिहिलंत, तिसऱ्या पुस्तकात नाव आहे. मी म्हटलं, बघ, हेही गेलं.” त्यांनी हातातले कागद टेबलावर आपटून सारखे केले. “दोन दिवस जेवलो नाही मी. विचारा हिला. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे डोक्यात आलं, की अरे, नावाडीसुद्धा आपलं नाव विसरलाय! म्हणून तो सांगत नव्हता. इतकी वर्षं तो टाळत होता, ‘उतरल्यावर सांगतो’ म्हणत होता, कारण त्याला ते आठवतच नव्हतं. जुनी चाळीस पानं हिनं बंबात घातली. मीच घाल म्हटलं.”

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. म्हातारा नावाडी मुक्या नदीच्या मध्यावर आहे. वल्ही कशी मारायची तेही तो विसरला आहे आणि नाव प्रवाहाला लागली आहे. काठावर पहारेकरी उभा आहे, पहिल्या पुस्तकातला, आता तोही म्हातारा. एकदा याच नावेतून तो पार गेला होता. पहारेकरी तोंडाशी हात धरून हाक मारतो, “करंद!” त्या नदीच्या पाण्याला आजवर आवाज नसतो. नावाडी मान वर करतो. पाणी पहिल्यांदा खळखळतं. नाव काठाकडे वळते.

मी रडत होते. बारा वर्षं त्यांच्या पानांवर मी नुसत्या चुका शोधल्या होत्या आणि आता डोळ्यांपुढे अक्षर दिसत नव्हतं.

वाचून झाल्यावर त्यांनी ‘मुक्या नदीपलीकडे’ पुढे ओढलं. “आता एक काम करा. ते नाव कितव्या पानावर आहे तेवढं दाखवा. मी तीनदा वाचलं हो सगळं पुस्तक, ओळीवर बोट ठेवून. मला सापडत नाही. डोळ्यांसमोर असून दिसत नसेल तर मग...” त्यांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं. “मग पुढे लिहिण्यात अर्थ नाही. आपण काय वाचतोय तेही कळत नाही म्हटल्यावर काय लिहायचं?”

पुस्तक माझ्या हातात होतं. खरं सांगितलं तर त्यांना कळलं असतं, की त्यांचं एक आठवणं तरी शाबूत होतं. पण मग ही हाक पुसली गेली असती. जुनी चाळीस पानं बंबात गेलेली. आणि त्यांच्या आठवणीपेक्षाही ज्या माणसावर त्यांचा भरवसा होता, त्याच माणसानं त्यांना फसवलं, हेही कळलं असतं. त्यानंतर ते कुणाच्या भरवशावर लिहिणार होते?

“सापडणार नाही,” मी म्हटलं. “ही दुसरी आवृत्ती आहे. पहिलीत होतं, एकशे बेचाळीस पानावर. ही छापताना ती ओळ गळली. आमच्याकडून गळली, मास्तर. माझी चूक आहे.”

“तुमची?”

“माझी. मीच तपासली होती ही आवृत्ती.”

ते टेबलावर हात मारून असे हसले, की बाहेरच्या काजूवरचे पक्षी उडाले. “म्हणजे मी बरोबर वाचत होतो! ऐकलंस का गं? नव्हतंच ते! कु. ने. चुकले! लिहून ठेव, तारीख घालून लिहून ठेव!”

काकूंनी काही लिहिलं नाही. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

प्रकरण पिशवीत घालून मी निघाले तेव्हा मास्तर फाटकापर्यंत आले. माझ्याकडे बघून अगदी अदबीनं म्हणाले, “फार बरं वाटलं हो. पण माफ करा, आपलं नाव काय म्हणालात?”

एका दुपारात हे दुसऱ्यांदा. मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, “उतरल्यावर सांगते.”

त्यांच्या कपाळावर आठी आली. मग ती हळूहळू विरली. “हे वाक्य माझं आहे,” ते म्हणाले.

“हो मास्तर. तुमचंच आहे.”

स्टँडपर्यंत काकू सोबत आल्या. वाटेत म्हणाल्या, “पहिल्या आवृत्तीची प्रत माझ्या ट्रंकंत हाय. एकशे बेचाळीस पान मी बघितलंय. सगळीच पानं बघितल्यात. त्यात नाव न्हाई.”

“नाही,” मी म्हटलं.

“मी ह्यास्नी म्हणाले होते, न्हवतं हो नाव. तर म्हणाले, तो कु. ने. चुकत न्हाई, तूच चुकतीयास.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. खडा टाकला तेही सांगितलं. त्या मला शिव्या देतील असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पदरानं बोटांवरची शाई पुसली, ती काही निघाली नाही.

“आता हे खरं करा,” त्या म्हणाल्या. “उद्या कुणी आमच्या घरी येऊन ह्यास्नी विचारायला नको.”

शेडबाळ्यांना मी सांगितलं, अक्षर बाईंचं आहे, लिखाण मास्तरांचं. मी डोळ्यांनी बघून आले. ते म्हणाले, “मग त्या करंदचं काय?” मी म्हटलं, “माझी चूक झाली. नाव होतं.” त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं, पण कु. ने.नं चूक कबूल केली याचंच त्यांना इतकं नवल वाटलं, की पुढे त्यांनी विचारलं नाही. बारावं पुस्तक मार्चमध्ये निघालं. ती हाक वाचून लोकांनी मास्तरांना पोती भरून पत्रं पाठवली आणि काकू ती त्यांना रोज नव्यानं वाचून दाखवत. दीड वर्षानं मास्तर गेले.

तिसऱ्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा एकशे बेचाळीस पानावर मी एक ओळ घातली. ‘धुक्यातून कुणीतरी म्हणाले, करंद, पण उतारू तोवर दूर गेला होता.’ आयुष्यात मी लिहिलेली तेवढी एकच ओळ.

मागच्या महिन्यात निपाणीहून सुजय मगदूम नावाच्या वाचकाचं पत्र आलं. त्याच्याकडे आजोबांनी जपलेली पहिली आवृत्ती आहे. त्यानं दोन्ही आवृत्त्या ओळीवर ओळ ठेवून ताडून पाहिल्या आहेत. लिहितो, ‘ही ओळ मूळ पुस्तकात नाही. ती मागाहून कुणी घुसडली? नावाड्याला नाव होते की नाही हेही हेरवाडकरांना आठवत नव्हते, असे समजायचे का? मग शेवटचे पुस्तक तरी त्यांचेच कशावरून?’

पोराचा हात चांगला आहे. छापखान्यात असता तर मी त्याला शिकवला असता.

काकूही आता नाहीत, शेडबाळेही नाहीत. फाटकातून हात हलवणाऱ्या मास्तरांना जे सांगायला हवं होतं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. काल सकाळी मी त्याच्याच पत्राच्या समासात, पेन्सिलीनं, उत्तर लिहिलं आणि परत पाठवून दिलं.

‘शंका रास्त आहे. ती ओळ माझी. बाकी सर्व त्यांचे. नावाड्याला नाव नव्हते; मास्तरांना बरोबर आठवत होते. — कु. ने.’